त्या ‘असो’चं काय?

मेलची सुरुवात ‘सलाम मावशी’ अशी असली की मला लगेच कळतं, लिहिणारी आपल्या नगरकडची. सलाम गं बाई.

तुझा मेल दोनदा वाचला. साडेतीन पानं होतात, सगळी इथे छापत नाही, पण बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तू २९ वर्षांची, नोकरी हिंजवडीत, राहायला पिंपरीत, रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेतेस. ऑफिसात लंचच्या टेबलावर एकजण आहे, तो रोज डबा उघडला की तुला काहीतरी टोचतो. तुमच्या लोकांनी तांदळाच्या किती पोत्यांसाठी धर्म बदलला, गोव्यात इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्या त्या धर्मन्यायालयात, काय केलंत, देव एवढा प्रेमळ तर लहान मुलांना कॅन्सर का, आम्ही बाकीचे सगळे नरकात जाणार का, आणि मग शेवटी तो निळ्या डोळ्यांचा गोरा येशू. बाकीचे हसतात. तू रात्री दोन-दोन तास यूट्यूबवर डिबेट बघतेस, एक नोटबुक केलंयस, चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं, वचनांच्या संदर्भासकट, आणि तरी दुसऱ्या दिवशी टेबलावर घसा कोरडा पडतो आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडतेस. माझ्याकडून तुला हवंय ‘एक असं उत्तर की त्यापुढे त्याला काही बोलताच येणार नाही’.

आता तुझ्याच मेलमधली दीड ओळ तुला वाचून दाखवते, दुसऱ्या पानावर आहे, कॅन्सरवाल्या प्रश्नाच्या खाली, कदाचित तुलाही आठवत नसेल:

‘संडे स्कूलमधल्या एका मुलानेपण सेम विचारलं होतं, पप्पांसाठी एवढी प्रेयर केली तरी ते का गेले म्हणून, पाम संडेच्या प्रॅक्टिसची गडबड होती, त्याला म्हटलं नेक्स्ट संडेला सांगते, पण मग तो आलाच नाही, असो.’

असो?

अगं असो काय? या एका शब्दावर मी दोन दिवस अडून बसलेय. पाम संडे म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, मार्च-एप्रिलमधला, तुझा मेल आलाय गणपतीत. म्हणजे वीस तरी रविवार झाले. संडे स्कूलची हजेरीची वही तूच भरत असशील ना, मग त्या पोराच्या नावापुढे दर रविवारी ‘गै’, ‘गै’, ‘गै’ कोण लिहितंय? तूच. आणि त्याच रात्री घरी येऊन यूट्यूबवर ‘दुःखाचा प्रश्न’ या विषयावर कुठल्यातरी परदेशी प्रोफेसरचं दोन तासांचं भाषण ऐकून नोट्स काढतेस. मला राग आलाय तुझा, खोटं कशाला बोलू.

ऑफिसवाल्याचं आधी उरकून टाकते, कारण त्यात फार काही नाहीये.

गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, वाईट होतं, आणि त्यात भरडले गेलेले पुष्कळसे लोक तर बाप्तिस्मा झालेलेच होते, घरात जुन्या रीती पाळतात म्हणून पकडलेले. एवढं कबूल करायचं आणि डबा खायचा. तुझ्या नोटबुकात याचं उत्तर काय लिहिलंयस, तर ‘ते कॅथलिक होते, आम्ही प्रोटेस्टंट’. ते आधी खोड. लाज वाटायला हवी असं उत्तर द्यायला.

नरकाचं म्हणशील तर कोण कुठे जाणार ते ठरवायचं काम तुला कोणी दिलेलं नाही, आणि त्यालाही खरं म्हणजे ते जाणून घ्यायचं नाहीये. गोऱ्या येशूवर हसायचं, कारण तो खरंच हसण्यासारखा आहे, पॅलेस्टाइनच्या उन्हात सुतारकी करणारा यहुदी माणूस तसा दिसेल का?

राहिली पोती. इथे मात्र थोडं थांबते, कारण इथे तू जे केलंस ते मला सगळ्यात जास्त लागलं. तू त्याला मोबाईलवर मिशनच्या जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरचा फोटो दाखवलास, की बघ, आमचे खापरपणजोबा १८७६ च्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीच ख्रिस्ती झाले, म्हणजे आम्ही पोत्यावाले नाही. आणि जे दुष्काळात झाले ते? त्यांना दिलंस सोडून? १८७६ ते ७८, दख्खनचा दुष्काळ, माणसं रस्त्याच्या कडेला मरत होती, आणि त्यातला जो गावकुसाबाहेरचा होता, ज्याला बऱ्या वर्षातसुद्धा गावच्या विहिरीचं पाणी मिळत नव्हतं, तो जर त्याला धान्य देणाऱ्याच्या आणि त्याच्या पोराला शाळेत बसवणाऱ्याच्या देवाकडे गेला तर त्यात त्याने काय चोरलं? लाज कोणाला वाटायची, जेवलेल्याला की ज्यांनी वाढलं नाही त्यांना? आणि आपल्या नगरकडे तांदूळ खात होतं कोण, बाजरीची भाकरी मिळाली तरी सण होता. उगाच कुठूनतरी शिकलेली शिवी. ७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो गावोगाव खाल्ला गेला, त्या ऑफिसवाल्याच्या आजोबांनीपण खाल्ला असेल, विचार म्हणावं घरी.

झालं. या माणसासाठी यापेक्षा जास्त वेळ माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नसावा. तू मेलच्या सुरुवातीलाच बायबलमधलं १ पेत्र ३:१५ लिहिलंयस, उत्तर द्यायला नेहमी तयार असा. ते वचन पुन्हा उघडून वाच. त्यात विचारणाऱ्याला उत्तर द्या म्हटलंय, आणि तेही तुमच्यात जी आशा आहे तिच्याबद्दल विचारणाऱ्याला. लंचवाला तुला आशेबद्दल विचारत नाही गं, तो भाजीला चव यावी म्हणून बोलतो. तुझ्या अख्ख्या साडेतीन पानांत खरोखर विचारणारा एकच आहे आणि तो, तूच लिहिलंयस, अकरा वर्षांचा आहे.

आता त्या प्रश्नाकडे बघ. तो तुला ‘सेम’ वाटला. सेम नाहीये. टेबलावर विचारणाऱ्याचं कोणी मेलेलं नाही.

मी लहान असताना आपल्याकडे सभेत पंडिता रमाबाईंची गोष्ट हमखास सांगायचे, तूपण ऐकली असशील. आईवडील एवढे धार्मिक, तीर्थं केली, व्रतं केली, उपास केले, दानं दिली, आणि दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली, काही महिन्यांत, उपाशी. मग रमाबाईंचा त्या देवांवरचा विश्वास उडाला आणि पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. सांगणारा इथे जरा थांबायचा आणि सगळे हल्लेलूया म्हणायचे. मीपण म्हटलंय. पण त्या पोराच्या जागी बसून ही गोष्ट ऐक ना एकदा. त्यानेपण प्रार्थना केली होती, आपल्याच देवाला, येशूच्या नावाने, तुम्ही शिकवली तशी, बहुतेक गुडघ्यावर बसून. आणि पप्पा गेले. मग त्याने काय करायचं? आपण जी गोष्ट दुसऱ्यांच्या देवाविरुद्ध साक्ष म्हणून सांगतो तीच गोष्ट तो आपल्याकडे घेऊन आला होता, आणि आपण झावळ्यांच्या प्रॅक्टिसमध्ये बिझी होतो.

रमाबाईंचं पुढचं मात्र सभेत कमी सांगतात. नवरा बाप्तिस्म्याच्या आधीच गेलेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर. एकुलती एक मुलगी मनोरमा, तीच पुढे केडगावचं मुक्ती मिशन, रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं, सगळं बघणार होती, ती १९२१ मध्ये गेली, म्हणजे साठी उलटलेल्या आईच्या आधी. तेव्हा प्रार्थना केली नसेल? मुक्ती मिशनच्या सगळ्या बायकांनी केली असेल. आणि या वेळी त्यांचा विश्वास उडाला नाही, बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतःही गेल्या. पहिल्यांदा का उडाला आणि दुसऱ्यांदा का नाही, हे मला सांगता येत नाही. तुझ्या नोटबुकात त्याचं उत्तर असेल तर मला नको पाठवूस.

आणखी एक हिशोब मला झोपू देत नाहीये. त्याने विचारलं ते पाम संडेच्या आधी. म्हणजे दोन आठवड्यांच्या आत गुड फ्रायडे. तुमच्याकडेही तीन तासांची उपासना असणार, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जणांची प्रवचनं, पंखे बंद पडलेले, सगळे घामाघूम. चौथा उद्गार कोणता? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणजे त्या पोराने तुला जे विचारलं तेच प्रभू येशूने वधस्तंभावरून विचारलं, आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती आणि तो टळला नव्हता, आणि त्या ‘का’ला आकाशातून उत्तर आल्याचं कोणत्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. त्यावर तुमच्या चर्चमध्ये कोणीतरी वीस मिनिटं बोललं. तू कदाचित नोट्सपण घेतल्या असशील. आणि ज्याला ते ऐकायला मिळायला हवं होतं, की अरे हा प्रश्न विचारणं म्हणजे पाप नाही, तो घरी होता.

माझं सांगते. ७२ साली मी नऊ वर्षांची होते. आमचे आप्पा त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेले. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, अंधार पडल्यावर यायची, मग आमच्याकडे बघायला कोण असणार, माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या, जटा झाल्या होत्या. शेजारच्या गावातून एक म्हातारी यायची, तिला आमच्याकडे बायबल-बाई म्हणायचे, मिशनचं काम करायची, वाचता यायचं पण फार शिकलेली नव्हती. ती दुपारी यायची, ओसरीवर बसायची, मला पुढ्यात घ्यायची आणि फणीने उवा काढायची. तासतासभर. वचन नाही, गाणं नाही, काही नाही. एक दिवस मी खाली मान घालूनच तिला विचारलं, देवाने आप्पांना का नेलं? फणी थांबली. मला वाटलं आता रागावते. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘मला नाही गं माहीत. माझीपण दोन लेकरं नेली त्याने.’ आणि परत फणी सुरू झाली, आणि केस ओढले गेले म्हणून मी ओरडले.

पुढे कॉलेजात, नोकरीत मला तुझ्या लंचवाल्यासारखे किती भेटले. हरले मी त्यांच्यापुढे, बरेचदा हरले. फरक पडला नाही.

तर तू काय करायचं. या रविवारी उपासना सुटली की संडे स्कूलच्या रजिस्टरमधून पत्ता काढायचा आणि त्याच्या घरी जायचं. फोन करून ‘बाळ, क्लासला का येत नाही’ असं विचारायचं नाही, जायचं. घर बदललं असेल, आई त्याला घेऊन माहेरी गेली असेल, तर पाळकांना विचारून शोधायचं, हिंजवडीत बसून तुम्ही लोक काय काय शोधून काढता, एक घर सापडणार नाही? नोटबुक घरी ठेवायचं. बायबलच्या गोष्टींचं रंगीत पुस्तकपण न्यायचं नाही, काही न्यायचंच असेल तर अर्धा किलो जिलेबी ने. आणि त्याला सांगायचं, मोठ्या माणसाला सांगतात तसं, की तू मला विचारलं होतंस, मला उत्तर येत नव्हतं, मी घाबरले आणि नेक्स्ट संडेला सांगते म्हणून पळाले, माझं चुकलं. बस. मग गप्प बसायचं. तो बोलेल किंवा नाही बोलणार, मोबाईलवर गेमसुद्धा खेळत बसेल, बसू दे. त्याच्या आईसमोर ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द तोंडातून काढलेस तर माझ्याशी गाठ आहे. पप्पा कसे होते ते विचार. गाडी कोणती चालवायचे, काय खायला आवडायचं, चिडायचे का. आणि त्याने तो प्रश्न परत विचारला तर ‘मला नाही माहीत रे’ एवढंच म्हणायचं, आणि पुढच्या आठवड्यात परत जायचं.

तुला भीती वाटतेय ना, की शिक्षिकेलाच माहीत नाही म्हटलं तर त्याचा विश्वास जाईल? अगं तो वीस रविवार आलेला नाहीये. अजून काय जायचं राहिलंय?

ऑफिसात सोमवारी काय बोलायचं, ते सोमवारी बघ.

आणि गेल्यावर मला मेल कर. त्यात त्याचं नाव लिही, मी छापणार नाही. साडेतीन पानांत त्या लंचवाल्याचं नाव सात वेळा आलंय, मी मोजलं, आणि या पोराचं एकदाही नाही.