लॉगिन पक्कं आहे, मग धोका कसला?

प्रश्न : आमच्या संस्थेची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. पासवर्ड भक्कम, ओटीपीही लागतो. तरी एका प्लगिनमध्ये (वेबसाइटला जादा सुविधा देणाऱ्या जोड-प्रोग्रॅममध्ये) ‘ऑथरायझेशनची त्रुटी’ असल्याची सूचना आली. लॉगिन इतकं पक्कं असताना भीती कशाची?

उत्तर : लॉगिनमुळे तुम्ही कोण आहात एवढंच कळतं. तुम्हाला काय करायची मुभा आहे (हेच ऑथरायझेशन), हे प्लगिनने प्रत्येक कामाआधी वेगळं तपासायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. प्लगिनचा कोड हाती आला की मी आधी ‘डब्ल्यूपी_एजॅक्स’ने सुरू होणारे हुक, म्हणजे ब्राउझरकडून विनंती आली की प्लगिनचा कोड चालवणारे दुवे, शोधते. ते लॉगिन केलेल्या कुणासाठीही चालतात, अगदी साध्या सबस्क्रायबरसाठी, म्हणजे सगळ्यात कमी अधिकारांच्या सदस्यासाठीसुद्धा. आत ‘करंट_युजर_कॅन’ ही अधिकाराची तपासणी नसेल, तर सेटिंगचं बटण त्याला दिसत नसलं तरी त्यामागची विनंती तो थेट पाठवू शकतो. काही जण तिथे ‘इज_अ‍ॅडमिन’ लिहून निर्धास्त होतात. पण ते फंक्शन माणूस अ‍ॅडमिन आहे का हे पाहतच नाही. विनंती अ‍ॅडमिन भागाकडे आली आहे का, एवढंच सांगतं!

नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स’ या प्लगिनमधल्या अशाच त्रुटीतून हल्लेखोरांनी लॉगिनही न करता नोंदणी खुली केली, नव्या सदस्याची भूमिका ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ठेवली आणि रीतसर खातं उघडून आत शिरले.

तेव्हा अपडेट आजच करा. मग सदस्यांच्या यादीत कुणी अनोळखी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे का ते बघा. नोंदणीची गरज नसेल तर ती बंदच ठेवा, आणि वापरात नसलेली प्लगिन्स काढूनच टाका.