पाठ केलेले शब्द आणि चुकलेले उतारे

प्रश्न : मॅडम, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, नंतर इंजिनीअरिंग केलं. नोव्हेंबरमध्ये एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट देणार आहे, पुढे राज्याची एमबीए सीईटीही. गणित आणि तर्काचा भाग जमतो, इंग्रजीच्या भागात घसरते. रोज पन्नास शब्द पाठ करते, इंग्रजी अग्रलेख वाचते. मागच्या सराव परीक्षेत २४ पैकी २२ प्रश्न सोडवले. ९ बरोबर आले, १३ चुकले. त्या १३ पैकी दोन उत्तर टाइप करायचे होते. वडील द्राक्षबाग सांभाळून फी भरतात, त्यामुळे फार अपराधी वाटतं. माझं इंग्रजीच कच्चं आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. पत्रात एकही वाक्य तुटलेलं नाही आणि स्वतःच्या चुकांचा हिशेब तू आकड्यांत दिला आहेस. अशी मुलगी उताऱ्यांवरच्या प्रश्नांत मुळातच कच्ची असेल, हे मला पटत नाही. अपराधीपण बाजूला ठेव, त्याने उतारा वाचून होत नाही.

आधी तुझाच हिशेब पाहू. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलेल्या पर्यायाला उणे १, आणि टाइप करायच्या उत्तराला उणे गुण नाहीत. म्हणजे तुला मिळाले २७ उणे ११, एकूण १६. आता समज, तू चारांपैकी तीनच उतारे नीट वाचलेस आणि त्यांवरच्या बारा प्रश्नांपैकी नऊ बरोबर आले. २७ उणे ३, झाले २४. प्रश्न निम्मे, गुण दीडपट. अलीकडच्या वर्षांत या विभागात २४ प्रश्न आणि ४० मिनिटं असतात. चार उताऱ्यांवर १६ प्रश्न येतात, बाकीचे सारांशाचे, वाक्यांचा क्रम लावण्याचे वगैरे. प्रत्येक उताऱ्याला आठ मिनिटं दिली, तरी उरलेल्या आठ प्रश्नांना आठच मिनिटं राहतात. म्हणून सगळं सोडवायचा हट्ट सोड. जो उतारा दोन परिच्छेदांनंतरही हाती लागत नाही, तो तिथेच ठेवायचा.

आता शब्दांची यादी. कॅटमध्ये थेट शब्दार्थ विचारणारे प्रश्न आता येत नाहीत. तुझ्यासारखी मराठी माध्यमाची मुलं मी सोलापुरात वर्षानुवर्षं शिकवते आहे, आणि त्यांना मोठे शब्द अडवत नाहीत, छोटे अडवतात. एका हुशार मुलाने ‘हार्डली’चा अर्थ ‘कठीणपणे’ असा घेतला आणि लेखक ज्याला नाही म्हणत होता, त्याला हो समजून चारही प्रश्न चुकवले. ‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत, ‘अ फ्यू’ म्हणजे काही आहेत. ‘अनलेस’मध्ये ‘नाही’ दडलेलं असतं. ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ पूर्णच. पन्नास शब्दांऐवजी असे तीस-चाळीस छोटे शब्द पक्के कर, प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य लिहून.

आणि खरी गाठ उताऱ्यातल्या तर्काची आहे. तुझ्या बागेतलंच उदाहरण घे, आकडे मी कल्पनेने घातले आहेत. ‘तालुक्यात पाच वर्षांत ठिबकखालचं क्षेत्र दुप्पट झालं, तरी विहिरींची पातळी खालीच गेली. म्हणजे ठिबकने पाणी वाचत नाही.’ हा निष्कर्ष कोणत्या विधानाने कमकुवत होतो? (अ) ठिबकच्या संचाला सरकारी अनुदान मिळतं. (ब) बऱ्याच शेतकऱ्यांना ठिबक सोयीचं वाटतं. (क) वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी याच काळात नवीन ऊस लावला.

अनुदान मिळतं हे खरं आहे, तुझ्या घरी ते माहीतही असेल. म्हणूनच ‘अ’कडे हात जातो. पण खरं असणं आणि प्रश्नाचं उत्तर असणं वेगळं. लेखकाने मनाशी धरलं आहे की बाकी काहीच बदललं नाही. ‘क’ नेमकं तेच खोडतं, पाणी वाचलं पण दुसरीकडे गेलं. लेखकाने न बोलता काय गृहीत धरलं, हे शोधायची सवय लागली की पर्याय आपोआप गळतात. उताऱ्यात ‘काही’ असताना पर्यायात ‘सर्व’ किंवा ‘फक्त’ आलं, तर विशेष सावध राहा.

यासाठी एक दोनशेपानी वही घे. रोज एकच उतारा, साधारण पाचशे शब्दांचा. पहिले काही दिवस घड्याळ लावू नकोस. प्रत्येक परिच्छेद संपला की मराठीत एक ओळ लिही. परिच्छेदात काय आहे यापेक्षा लेखक तिथे काय करतो आहे, ते लिही. ‘जुनं मत मांडतो.’ ‘त्याला आक्षेप घेतो.’ ‘अर्धा आक्षेप मागे घेतो.’ शब्दशः भाषांतर मात्र करू नकोस, त्यात वेळ जातो आणि धागाही सुटतो. मराठी माध्यम ही इथे अडचण नाही. दुसऱ्या भाषेत एका ओळीत सांगता येईपर्यंत उतारा समजलेला नसतो, आणि ही कसोटी तुझ्या हाताशीच आहे. अग्रलेखांच्या जोडीला इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान यांवरचे लेख वाच, कारण बातमीसारखी सरळ भाषा उताऱ्यांत क्वचितच असते.

वाक्यांच्या क्रमात पहिलं वाक्य शोधत बसू नकोस. पहिलं कोणतं असूच शकत नाही, ते आधी बाजूला काढ. ‘धिस’, ‘सच’, ‘हाउएव्हर’ असलेल्या वाक्याला बहुतेक वेळा मागे कुणीतरी लागतं. अशी एक जोडी जुळली की अर्धं काम झालं.

सीईटीचं वेगळं आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि उणे गुण नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजीच्या ५० प्रश्नांत व्याकरण आणि शब्दार्थही येतात, त्यामुळे तुझी यादी तेव्हा कामी येईल. पण तो अभ्यास कॅट झाल्यावर.

तोपर्यंत सराव परीक्षा आठवड्याला एकच दे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिही, चुकीचा पर्याय मला का बरोबर वाटला. तीन आठवड्यांनी त्या वहीचं एक पान मला पाठव, चुका न खोडता.