क्रोनबाख अल्फा 0.91 आला, म्हणजे प्रश्नावली वैध आहे असं प्रबंधात लिहिता येईल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नववीच्या मुलांना वाटणारी गणिताची भीती मोजायला तुम्ही 40 विधानांची पंचबिंदू श्रेणी (पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत, 1 ते 5 गुण) तयार केली, 60 मुलांकडून ती भरून घेतली, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने क्रोनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) 0.91 दिला आणि गाईड म्हणतात, ‘साधन विश्वसनीय व वैध आहे असं लिहून टाका.’

लिहू नका. विश्वसनीयतेचा (मोजमाप किती सुसंगत आणि स्थिर आहे) एकच पैलू तुम्ही तपासलाय आणि वैधतेचा (जे मोजायचं तेच मोजलं जातंय का) पुरावा अजून गोळाच केलेला नाही.

आधी त्या 0.91 कडे बघू. अल्फा दोन गोष्टींवर चढतो: विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांचे गुण किती बरोबरीने वर-खाली होतात) आणि विधानांची संख्या. प्रमाणित अल्फाचं सूत्र सोपं आहे. विधानांची संख्या गुणिले सरासरी सहसंबंध, हे वर. खाली एक अधिक (संख्या वजा एक) गुणिले सरासरी सहसंबंध. तुमच्या 40 विधानांत सरासरी सहसंबंध फक्त 0.20 धरा. वर 8, खाली 8.8, उत्तर 0.91. तेवढाच 0.20 ठेवून विधानं 10 केली तर अल्फा 0.71 वर येतो. म्हणजे एकमेकांशी जेमतेम नातं असलेली विधानंही संख्येच्या जोरावर 0.91 देतात. म्हणून आउटपुटमधला सरासरी आंतर-विधान सहसंबंध बघा आणि अल्फाच्या शेजारी तोही छापा. अल्फा मोठा आला म्हणजे सगळी विधानं एकच गोष्ट मोजतात, असंही नाही. तुमच्या श्रेणीत तीन उपघटक असतील (पेपरची भीती, तासाला उठून उत्तर देण्याची भीती, घरच्या अभ्यासाची टाळाटाळ), तर प्रत्येकाचा अल्फा वेगळा काढायला हवा.

मग कच्चा डेटा उघडा. इथे बहुतेकांचं चुकतं. उलट अर्थाची विधानं (‘गणिताच्या तासाला मला मोकळं वाटतं’) 6 वजा गुण करून उलटवली आहेत का? नसतील तर त्या विधानाचा एकूण गुणांशी असलेला दुरुस्त (ते विधान बेरजेतून वगळून काढलेला) सहसंबंध ऋण दिसेल, त्यावरून लगेच कळतं. रिकाम्या जागी शून्य भरलंय का? एखाद्या मुलाने शेवटचं पान सोडलं आणि तिथे 12 शून्यं पडली, तर ती 12 विधानं खोटीखोटी ‘जुळतात’ आणि अल्फा फुगतो. तिसरं, प्रत्येक मुलाच्या ओळीपुढे एक्सेलमध्ये त्याच्याच उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं किती विखुरली आहेत) काढा, पण उलटवण्याआधीच्या मूळ टिकांवरून. ते शून्य आलं तर त्याने डोळे मिटून एकाच रकान्यात टिका केल्या आहेत. बहुतेक विधानं एकाच दिशेची असतील तर अशी मुलंही अल्फा वाढवून जातात.

विश्वसनीयतेचा उरलेला पैलू म्हणजे काळ. तीच मुलं, साधारण दोन आठवड्यांनी, तशाच परिस्थितीत. दोन-तीन दिवसांत परत दिली तर मुलं आठवून भरतात. मध्ये घटक चाचणी आली तर भीतीच बदललेली असते आणि दोष साधनाचा की मुलांचा ते कळत नाही. दोन्ही वेळच्या गुणांचा नुसता पीअरसन सहसंबंध काढू नका. सगळ्यांचे गुण सरसकट 10 ने वाढले तरी तो 1 येऊ शकतो. निरपेक्ष एकमत, म्हणजे दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्ष तेवढेच आले का, हे पाहणारा आंतरवर्गीय सहसंबंध काढा.

0.91 चा व्यवहारात अर्थ काय, हेही लिहा. एकूण गुणांचं प्रमाण विचलन 20 असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी (एका मुलाचा गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो) 20 गुणिले (1 वजा 0.91) चं वर्गमूळ, म्हणजे 6. एका मुलाचा गुण 130 आला तर 95 टक्के पट्टा अंदाजे 118 ते 142. मग ‘130 च्या वर तीव्र भीती’ अशी रेघ ओढून 128 आणि 133 ची मुलं वेगवेगळ्या गटांत टाकण्याला काय आधार आहे?

आता वैधता. ती प्रश्नावलीला कायमची चिकटवायची मोहर नसते. या मुलांच्या या गुणांवरून तुम्ही जो निष्कर्ष काढताय तो टिकतो का, एवढाच प्रश्न असतो. पुस्तकांत आशय (विधानं विषयाला धरून आहेत का), निकष (दुसऱ्या मापाशी जुळतं का) आणि रचना (ठरवलेली संकल्पनाच मोजली जाते का) अशी तीन नावं भेटतील. तुमच्या कामी येणारी पावलं सांगतो.

तज्ज्ञांना विधानं ‘बघून द्या’ म्हणून देऊ नका, सगळे ‘छान’ लिहून देतात. प्रत्येक विधानापुढे तीन रकाने ठेवा: आवश्यक, उपयुक्त पण आवश्यक नाही, अनावश्यक. लॉशे यांच्या 1975 च्या पद्धतीत ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांतून निम्मे तज्ज्ञ वजा करायचे आणि निम्म्यांनी भागायचं. 10 तज्ज्ञांसाठी किमान मूल्य 0.62 आहे. 8 जण ‘आवश्यक’ म्हणाले तर 0.60, विधान बाद, 9 हवेत. यात दोन-तीन गणिताचे शिक्षक असू द्या, नुसते शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक नकोत.

त्याहून मोलाचं, आणि जवळपास कुणी न करणारं काम: पाच-सहा मुलांना एकेकटं बसवून विधान मोठ्याने वाचायला लावा आणि ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. ‘गणित सोडवताना पुढची पायरी सुचत नाही’ हे विधान हुशार पण घाबरट मुलगी नाकारेल आणि बिनधास्त पण कच्चा मुलगा मान्य करेल. ते भीती मोजत नाही, येणं-न येणं मोजतं. ‘मला गणिताची भीती वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणताना मुलं हमखास गोंधळतात. ‘पेपरला आणि तोंडी परीक्षेला मी घाबरतो’ यात दोन प्रश्न आहेत. इंग्रजी श्रेणीवरून विधानं घेतली असतील तर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचं परत इंग्रजी करून घ्या आणि शेजारी ठेवून ताडा.

मग आकडे. त्याच मुलांना सर्वसाधारण परीक्षाभीतीची श्रेणीही द्या. तुमच्या गुणांचा तिच्याशी सहसंबंध असायला हवा, पण 0.85 आला तर तुम्ही गणिताची भीती मोजत नाही, परीक्षेचीच मोजताय. गणिताच्या गुणांशी सौम्य ऋण संबंध अपेक्षित आहे, आणि मराठीच्या गुणांशी त्याहून कमी. 60 मुलांवर 40 विधानांचं फॅक्टर ॲनॅलिसिस (विधानं आपोआप किती गटांत पडतात ते शोधणं) मात्र करत बसू नका. 200 च्या आत हात घालू नये असं माझं मत आहे.

फॉर्म वर्गशिक्षकांनी गोळा केले का, वर नाव होतं का, हेही नोंदवा. गणिताचेच सर समोर उभे असतील तर 0.91 च्या सुसंगतीने मुलं एकसारखं खोटं लिहितात आणि अल्फाला त्याचा पत्ता लागत नाही.

आत्ता हातात जेवढं आहे त्यावर प्रबंधात एवढंच लिहा: ‘60 विद्यार्थ्यांच्या या नमुन्यात 40 विधानांची अंतर्गत सुसंगती (अल्फा) 0.91 आढळली, सरासरी आंतर-विधान सहसंबंध अमुक. पुनर्चाचणी घेतलेली नाही. आशय वैधता तपासलेली नाही.’ मुख्य डेटा अजून गोळा केला नसेल तर तज्ज्ञांची फेरी आणि मुलांशी बोलणं, ही दोन कामं दोन-तीन आठवड्यांत उरकतात. तेवढी झाली की शेवटचं वाक्य बदला.