जमीन विकली, दशांशही दिला. आता आणखी किती?

प्रश्न : फादर, आमची वसईची केळीची वाडी बिल्डरला विकली. आभाराची मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) ठेवली, दशांश चर्चला दिला. तरी मदत मागणारे दारात येतातच. त्यातले निम्मे खोटे. किती द्यायचं?

उत्तर : मिस्सा ठेवलीत, छान केलंत. (नंतरच्या जेवणावळीचा खर्च विचारत नाही!) बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातला श्रीमंत आठवा. त्यानं लाजर नावाच्या भिकाऱ्याला मारलं नाही, हाकललं नाही; दाराशी पडलेल्याकडे पाहिलं नाही, एवढाच त्याचा दोष. चौकशी जरूर करा, पण मदत योग्य जागी पोचावी म्हणून, टाळण्यासाठी नको.

मला काळजी आहे ती दारात न आलेल्यांची. वाडीला पाणी लावणारं, घड उतरवणारं आदिवासी जोडपं आता कुठं आहे? जमिनीबरोबर त्यांची रोजीही गेली. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (24:19) शेतात विसरलेली पेंढीसुद्धा उपरे, अनाथ, विधवा यांच्यासाठी सोडायला सांगितलंय; तुमच्याकडे तर अख्ख्या वाडीचे पैसे आलेत. त्यांची मजुरी बाकी असेल तर आधी ती चुकती करा, ते दान नव्हे. मग मुलांची फी थेट शाळेत भरा. आणि कृपा करून चेक देतानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.