राजदूत ३५० ला नवे पार्ट बसवताना

भाऊ, राजदूत ३५० ही जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल तुला मिळाली याचा मनापासून आनंद झाला. पण सगळे पार्ट एकदम टाकू नकोस. एक बसव, आठवडाभर चालव, मग दुसरा. बिघडलं तर कशानं बिघडलं, हे कळतं.

आधी क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, ऑइल सील बदल. १९८०च्या दशकातलं रबर आता कडक झालेलं असतं. तिथून हवा ओढली गेली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन जरूर टाक, मात्र ठिणगीचं टायमिंग डायल गेजनेच (पिस्टनची जागा मोजणारं काट्याचं माप) लाव, अंदाजाने नको.

फायबर रीड (इंजिनात मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेच्या पातळ पट्ट्या) बसवल्यावर मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र, तपासायचा मी आळस केला. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना डावा सिलेंडर धरला, म्हणजे त्यातला पिस्टन जाम झाला. स्पार्क प्लगचं टोक खडूसारखं पांढरंफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं! चहासारखं तपकिरी हवं. रंग बघायचा तर मोकळ्या चढावर, पूर्ण थ्रॉटलवर क्लच दाबून इंजिन तिथेच बंद कर. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल सोडून संथ चालीवर, आणलंस तर खरा रंग दिसत नाही.

ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घे, त्याच्या मापानेच बोअरिंग करून, म्हणजे सिलेंडर आतून मोठा करून घे. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रनिंग-इन, म्हणजे नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी जपून चालवणं, पहाटेच कर. काढलेले जुने पार्ट मात्र जपून ठेव.