किडनीचे 8 लाख कुठे गुंतवू?

घाटंजी तालुक्यातले एक कास्तकार विचारतात: सावकाराच्या देण्यापायी किडनी देतोय, दलाल 8 लाख देणार. ते पोस्टात टाकू, की विमा एजंट महिना 10 हजार ‘पक्के’ सांगतो तिथे?

भाऊ, 8 लाखांवर महिना 10 हजार म्हणजे वर्षाला 15 टक्के. एवढी हमी कुणीच देत नाही; पोस्टाच्या मासिक योजनेत 5 हजारांच्या आतच मिळतील. एजंट खोटं बोलतोय.

पण किडनी विकूच नका. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं पैसे घेऊन अवयव देणाराही गुन्हेगार: 5 ते 10 वर्षं कैद, 20 लाख ते 1 कोटी दंड. दलालानं निम्मे बुडवले तर तक्रार कुठे नेणार? चेन्नईतल्या 305 किडनी विकणाऱ्यांचा अभ्यास 2002 साली आला. बहुतेकांनी कर्जापायीच विकली होती. सरासरी सहा वर्षांनंतरही चौघांतले तिघे कर्जातच, आणि घरचं उत्पन्न एक तृतीयांशानं घटलेलं. बहीण भावाला किडनी देते तेव्हा ती नाही म्हणू शकते. सावकार दारात उभा असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं नसतं, आणि किडनी घेणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं.

खरी चूक तुम्ही विचारलीच नाही. सावकाराकडून तीन वर्षांपूर्वी दीड लाख घेतलेत, महिना 5 टक्क्यानं. म्हणजे वर्षाला 60 टक्के, नुसतं व्याजच 2.70 लाख! तुम्ही 1.60 लाख भरलेत, तो अजून 2.60 मागतो. परवानाधारक सावकारालाही शेतीच्या कर्जावर, तारण नसलं तरी, वर्षाला फार तर 12 टक्केच घेता येतात. त्या हिशेबानंही उरतात फार तर 44 हजार. तुमच्या सावकाराकडे तर परवानाच नाही. कोर्ट त्याला वसुलीचा हुकूम देणार नाही.

तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून दिलंत, त्यासाठी 2014 च्या सावकारी कायद्याचं कलम 18 आहे. व्यवहार 15 वर्षांच्या आतला असला की जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ते वावर परत देण्याचा आदेश देऊ शकतात. खरेदीखताची नक्कल, सातबारा, तुमच्या नावचा पीकपेरा, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, दोन साक्षीदार जोडा. अर्ज पडतात ते पुराव्याअभावी, कारण पैसे रोख दिलेले असतात. यापुढे एक रुपयाही रोख देऊ नका, कोऱ्या चेकवर सही तर नाहीच.

आणि वर्षाला 24 हजार हप्त्याची तुमची ती विमा पॉलिसी! तिचे हप्ते भरायला पीककर्ज थकवलंत. वेळेत फेडलं असतं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडलं असतं. हप्ता थांबवा. वय पन्नाशीच्या आत असेल तर बँकेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचा जीवनज्योती विमा मिळतो.

दलालाला आधार कार्ड दिलं असेल, रक्ततपासणी झाली असेल, तर याच आठवड्यात यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील फुकट मिळतो. त्याला सोबत घेऊनच पोलिसांत लेखी तक्रार द्या.