आजोबांची वही आणि कमानीवरचा शब्द

तुम्ही लिहिले आहे की, वानवडीचे घर रिकामे करताना आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत एक पदक आणि पेन्सिलीने लिहिलेली वही सापडली. वहीत डिसेंबर १९४५ मध्ये, जावा बेटावर असताना, 'हुकूम झाला, वस्ती पेटविली, म्हातारी माणसे पळाली' अशी नोंद आहे. घरात मात्र आजोबा नेताजींच्या फौजेत होते असेच सांगितले जात आले, आणि आता गावच्या शाळेच्या कमानीवर त्यांचे नाव 'स्वातंत्र्यसैनिक' म्हणून लागणार आहे. वडिलांना सांगावे का आणि वही ठेवावी की नष्ट करावी, हे तुमचे दोन प्रश्न. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: वही ठेवा. पहिल्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी पदक पाहा. जांभळ्या फितीत मधोमध हिरवा पट्टा असेल आणि वरच्या आडव्या पट्टीवर 'एस. ई. एशिया १९४५-४६' असे इंग्रजीत कोरलेले असेल, तर ते जनरल सर्व्हिस मेडल आहे. भिंग घेऊन त्याची कड वाचा. तिच्यावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हे पदक ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या माणसाला मिळे. आझाद हिंद सेनेतली माणसे त्या वेळी कैदेत होती, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांवरचा लाल किल्ल्यातील खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला होता. म्हणजे घरातली गोष्ट आणि पदक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

जावात आपले सैनिक काय करीत होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. जपानने शरणागती पत्करताच १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. जपानी सैन्याला नि:शस्त्र करणे आणि छावण्यांतील युद्धकैदी व डच नागरिक सोडवणे, या कामासाठी ब्रिटिशांनी जे सैन्य पाठवले, त्यात बहुसंख्य हिंदी सैनिक होते आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचेही होते. छावण्यांतल्या बायकामुलांना खरोखरच संरक्षणाची गरज होती, हेही विसरू नये. पण या सैन्याच्या आडून युद्धापूर्वी तिथे राज्य करणारी डच सत्ता परत येणार, हे स्थानिकांनी लगेच ओळखले. ऑक्टोबरअखेरीस जावातल्या सुराबाया शहरात लढाई पेटली, ३० तारखेला तिथले ब्रिटिश सेनाधिकारी ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, आणि १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी समुद्रातून व आकाशातून शहरावर मारा सुरू केला. त्यात हजारो माणसे मेली. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळतात.

तुमच्या वहीतली नोंद डिसेंबरची आहे. २३ नोव्हेंबरला बताव्हियाजवळ (आजचे जाकार्ता) बेकासी येथे ब्रिटिशांचे एक डाकोटा विमान उतरले. त्यातले हिंदी सैनिक आणि विमानाचे कर्मचारी मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून पुढच्या महिन्यात ब्रिटिश हुकमाखालच्या सैन्याने बेकासीचा मोठा भाग जाळला. आजोबांची नोंद याच घटनेची आहे असे मात्र धरून चालू नका, कारण त्या महिन्यांत वस्त्या इतरत्रही जळाल्या. पलटणीची रोजनिशी पाहिल्याशिवाय गावाचे नाव घेऊ नये. त्या रोजनिशा लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ १७२' या मालिकेत आहेत. पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची असेल, तर सेवापत्रकासाठी तिच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला, पदकाच्या कडेवरचा क्रमांक देऊन आणि नाते सिद्ध करणारी कागदपत्रे जोडून, वडिलांच्या सहीने अर्ज करावा.

आता 'हुकूम झाला' या दोन शब्दांविषयी. सगळे घर त्यांच्याच आधाराने सुटका करून घेईल. सातारकडचा कोरडवाहू शेतकरी पगारासाठी भरती झाला, त्याला जावा कुठे आहे हेही ठाऊक नव्हते, हे सगळे खरेच आहे. पण ज्या नोव्हेंबरात सुराबाया जळत होते, त्याच महिन्यात नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला उभा राहिला, आणि वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्यावर माणूस दोषमुक्त होत नाही, हे तिथे ठरले. जावातले काही हिंदी सैनिक बंदुकांसह इंडोनेशियन बाजूला गेले, म्हणजे दुसरी वाट होती. फक्त तिची किंमत फार मोठी होती आणि ती प्रत्येकाला परवडणारी नव्हती. इकडे त्यांच्याच जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते आणि हिंदी सैन्य इंडोनेशियाविरुद्ध वापरण्याला नेहरू जाहीर विरोध करीत होते. परत आलेल्या सैनिकाने १९४७ नंतर चावडीवर बसून काय सांगायचे? माझा तर्क असा की, आजोबा गप्प राहिले आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी, बहुधा मायेपोटी, नेताजींना आणून बसवले.

हा तर्क मी एवढ्या खात्रीने करतो, कारण माझ्या वडिलांचे मामा जावातून १९४६ साली परतले होते. पुढे ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला लागले. ते जेवताना भाताला 'नासी' म्हणत, आणि आम्ही मुले तो आमच्या घरचाच शब्द समजून शाळेतल्या डब्याच्या वेळी वापरीत असू. तो मलाय भाषेतला शब्द आहे हे मला पस्तिशीत कळले, मग मी कागद शोधू लागलो, आणि जे सापडले ते गौरीजेवणाच्या दिवशी, वीस माणसांच्या पंगतीत, मोठ्या विद्वत्तेने सांगून मोकळा झालो. मामा तेव्हा हयात नव्हते. मामीआजींनी पानातला घास तसाच ठेवला आणि त्या उठून आत गेल्या. दोन वर्षे त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नंतर एकदा मी एकटाच गेलो असता त्या म्हणाल्या, "मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं त्यांनी. त्या घरांतल्या बायका-पोरांचं पुढं काय झालं, ते तुझ्या कागदात आहे का?" ते माझ्या कागदात नव्हते. चाळीस वर्षे त्यांना हा प्रश्न पडला होता आणि घरातल्या कोणी त्यांना काही विचारलेच नव्हते.

म्हणून वडिलांना सांगा, पण पंगतीत नको, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नको. सकाळी, दोघेच असताना, सांगण्याऐवजी वहीच त्यांच्या हातात द्या. आपल्या वडिलांचे अक्षर ते तुमच्यापेक्षा चांगले वाचतील. त्यांना यातले काही आधीच माहीत असण्याची शक्यता तुम्ही समजता त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्या दिवशी त्यांच्याकडून मत मागू नका आणि स्वतःचेही देऊ नका. वहीच्या प्रत्येक पानाचे उजेडात छायाचित्र घ्या, मूळ वही प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता साध्या कापडात गुंडाळा, आणि फिकट झालेल्या अक्षरांवरून पेन फिरवण्याचा मोह टाळा.

कमानीबाबत मात्र मला थांबावेसे वाटत नाही. 'स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द तिथे लागता कामा नये. दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य दडपणाऱ्या मोहिमेतल्या माणसाला तो लावणे, हे ज्यांची घरे जळली त्यांच्याशी आणि तुमच्याच तालुक्यातल्या प्रतिसरकारातल्या माणसांशी खोटे वागणे होईल. चुलत भावांना जावाची हकिकत आत्ताच सांगण्याची सक्ती नाही. ती वडिलांच्या संमतीने, सावकाश सांगता येईल. सरपंचांना एवढेच कळवा की घरातल्या कागदपत्रांनुसार आजोबा आझाद हिंद सेनेत नव्हते, म्हणून नावाआधी 'माजी सैनिक' असे लिहावे. रंगाऱ्याने अक्षरे काढायला घेतली असतील, तर हा फोन वडिलांशी बोलणे झाले की त्याच दिवशी करा.